हिराक्काचं सागवानी सामान

जानेवारीतला तिसरा रविवार, निपाणी, सकाळची वेळ. हजर: हिराक्काची मुलगी सुरेखा, दत्तू मिस्त्री सुतार, माझे यजमान आणि मी. हिराक्काचं तेरावं होऊन आठवडा झाला होता. मागच्या गल्लीत तिने भाड्याने घेतलेली खोली रिकामी करायची होती. खोलीत कधीच कुणी राहिलं नव्हतं. तिथे सामान राहत होतं: सागवानी पलंग, दोन दारांचं कपाट आणि आरशाचं टेबल.

हिराक्का आमची शेजारीण. सगळं आयुष्य तिने तंबाखूच्या वखारीत पाला निवडला. नवरा लवकर गेला, मुलगी एकटीने वाढवली. दर अमावास्येला खांद्यावर फडकं टाकून ती आमच्या दारात उभी राहायची. "चल गं शैला, पलंगाला वारं घालूया," म्हणायची. दवाखान्यातल्या माणसाला भेटायला निघाल्यासारखा तिचा चेहरा असायचा.

तिची पद्धत पक्की होती. सामान विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. अंगावर जुनी लुगडी. प्लास्टिक घालू द्यायची नाही. "प्लास्टिकला घाम सुटतोय. लाकूड आतल्या आत कुजतंय, आन् वरनं नवंच्या नवं दिसतंय." पलंग सुटा करून ठेवलेला. त्याचे बोल्ट एका चिंधीत, आणि ती चिंधी पलंगाच्याच पायाला बांधलेली. "ज्याचं त्याच्यापाशी ऱ्हावं. मग हुडकाय लागत न्हाय." आणि खणांत, गादीखाली, कपाटाच्या पाठीमागे तंबाखूच्या चुऱ्याच्या पुरचुंड्या. वाळवी, कसर, झुरळ, काही फिरकत नसे. निपाणीत हे कुणाला वावगं वाटत नाही. तो वास आमच्या नाकात इतका मुरलेला की आम्हाला तो येतच नाही.

हे सामान हिराक्काने सुरेखाला लग्नात दिलेलं. तिला कागलकडे दिली होती. वर्षाच्या आत ती एका पिशवीनिशी माघारी आली. तिच्या पाठीवर काय होतं ते हिराक्काने पाहिलं, मीही पाहिलं. मग तिने टेम्पो ठरवला, मला बरोबर घेतलं आणि सामान आणायला गेली.

सासू दारात आडवी उभी होती. "भांडी न्या. पलंग ऱ्हाऊ दे. पोराचं दुसरं लगीन करायचंय."

"करा की," हिराक्का म्हणाली, "त्याला भुईवर निजवा." आणि पान्यानं बोल्ट सोडायला बसली.

परतताना कोगनोळी नाक्यावर पोलिसाने टेम्पो थांबवला. सागवान बघून त्याने हसून विचारलं, "लग्नाचं सामान काय मावशी?"

"व्हय, लग्नाचंच. परत चाललंय."

त्याने हात हलवून टेम्पो सोडला.

सुरेखाचं स्वतःचं घर होईल त्या दिवशी हे सामान तिथे लागेल, एवढ्या एकाच गोष्टीवर हिराक्का पुढची वर्षं जगली. सुरेखा नर्सिंग शिकली, बेळगावात नोकरीला लागली, हॉस्टेलवर राहिली. सुट्टीला यायची, पण त्या खोलीत पाऊल टाकायची नाही.

"आई, मोडीत घाल ते."

"त्या लाकडानं तुला मारलंय व्हय? माझ्या हाडाचं हाय ते. तुझ्या घरात लागंल."

गेल्या वर्षी सुरेखाने बेळगावात खडेबाजाराच्या मागे दोन खोल्या घेतल्या आणि आईच्या हट्टापुढे हो म्हणाली. हिराक्का टेम्पोत मागे बसली. ड्रायव्हर बसवराज आरसा गादीवर आडवा ठेवायला निघाला, तर तिने हात धरला.

"आडवा न्हाय. खड्ड्यात एक दणका बसला की गेला."

"मग उभा धरून कोण बसणार, अज्जी?"

"मी हाय की. तू म्होरं बघून चालव."

बेळगावपर्यंत तिने तो आरसा वाकळेत गुंडाळून दोन गुडघ्यांत धरला. कशालाही ओरखडा नव्हता. पलंग उभा झाला, तेव्हा तिने चारही कोपरे हलवून पाहिले आणि मगच पाणी प्याली. सुरेखाही पलंगावर हात फिरवून म्हणाली, "चांगलं राखलंस की गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाचा मला फोन आला. आवाज ओढल्यासारखा. "शैलाकाकी, वखारीत निजल्यागत झालं. श्वास घ्यायला येत न्हाई."

सुरेखाचा पाळणा वखारीतच बांधलेला असायचा. दमा तिथूनच लागला. वर्षानुवर्षं चुऱ्यात राहिलेल्या लाकडाने तो वास पार आत ओढून घेतला होता. मी बेळगावला गेले आणि आम्ही सामान गच्चीवर उन्हात टाकलं, सोड्याने धुतलं, कडुलिंबाचा पाला घातला, गादी नवी केली. दिवसा वास जायचा, दारं लावली की पुन्हा यायचा. सुरेखा दम्याचा पंप ओढत बसायची. शेवटी हिराक्कानेच बसवराजला बोलावलं आणि सगळं निपाणीला परत आणलं. खोलीत विटा मांडताना ती एकदाच बोलली.

"वाळवीपासनं वाचवलं गं. आन् तिच्या छातीत घातलं."

त्यानंतर तिने खोलीतल्या उरलेल्या पुरचुंड्या फेकल्या आणि खोलीच्या खिडक्या कायमच्या उघड्या ठेवल्या. पावसाळ्यात तिला स्वतःलाच खोकला जडला. डॉक्टरांनी फुप्फुसाचे फोटो काढले आणि उशीर झाला असं सांगितलं. ती म्हणाली, "वखारीतल्या बाईला दुसरं काय हुणार?" डिसेंबरच्या अखेरीस ती गेली.

त्या रविवारी दत्तू मिस्त्रीने पलंगाची फळी हुंगली. "रंधा मारला की वरचा थर निघंल, त्याच्यासंगट वासबी. सागवान हाय, आतनं नवं निघतंय."

नाकाला रुमाल बांधलेल्या सुरेखाने मान हलवली. पलंग निघाला, टेबल निघालं. मग तिने कपाटाची दोन्ही दारं उघडली, रुमाल सोडला आणि डोकं आत घालून उभी राहिली. खोकला सुरू झाला तरी मागे होईना. माझ्या यजमानांनी तिला धरून बाहेर पायरीवर आणून बसवलं. पंप ओढल्यावर श्वास ठिकाणावर आला.

दत्तूने विचारलं, "ताई, कपाट घिऊ न्हवं?"

"त्याला रंधा मारायचा न्हाई. आईचा वास जाईल."

"मग घरात कसं ठेवशीला?"

"घरात ठेवता येणार न्हाई."

"मग कुठं न्यायचं?"

सुरेखाने उठून कपाटाची दारं लावली.

पलंग आणि टेबल रंधा मारून, पॉलिश होऊन बेळगावला पोचली. सुरेखा त्या पलंगावर झोपते आणि तिला त्रास होत नाही. खोली रिकामी करायच्या यादीतून ती दोन कामं मी खोडली. खोलीच्या मालकाकडे आणखी महिनाभराची मुदत मागितली आहे. कपाट हलवायचं राहिलं आहे.