अण्णांची साडेसहाची हजेरी

मी पॉलिटेक्निकात रेडिओची लॅब सांभाळलेला माणूस. आवाज आला म्हणजे कुठंतरी करंट आहे, एवढंच माझं अध्यात्म. चकवा, अंगात येणं, पिंपळावरचा अमुक... असलं कुणी काढलं की मी उठून चहा टाकायला जायचो. तरी हे लिहितोय, कारण इतकी वर्षं डोकं खाजवूनही मला याचं सर्किट सापडलेलं नाही.

१९८७ चा उन्हाळा. मी बेळगावात, शहापूरला राहायचो. हॅम रेडिओचं वेड होतं - म्हणजे लायसन काढून घरातल्या सेटवरून दुसऱ्या हौशी मंडळींशी बोलायचं. हे वेड मला लावलं निपाणीच्या अण्णांनी. तंबाखूच्या वखारीतले निवृत्त कारकून, बायको गेलेली, घरात एकटेच. आम्ही मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेत, बोलायचो. मोर्समध्ये ज्याचा-त्याचा हात ओळखू येतो. अण्णा शेवटची डॅश, म्हणजे रेघ, उगाच लांबवायचे, तोंडात पान धरून बोलल्यासारखी.

त्यांची मुलगी सदलग्याला दिलेली. तिला मी आक्का म्हणायचो. बाप काही तिच्याकडं राहायला जाईना. शेवटी तिनं मलाच गाठलं. "रोज सकाळी साडेसहाला अण्णा रेडिओवर येत्यात न्हवं? एखाद्या दिवशी न्हाय आले तर तुमी जाऊन बघा. मला दुसरं कोण हाय तिथं?"

मी शब्द दिला. आणि पुढं काय शहाणपणा केला तर तो शब्द मशीनच्या गळ्यात बांधला.

त्याच सुमारास मी एका बोटीवरच्या माणसाकडून जुना जपानी सेट घेतला होता. मागं कंप्युटरची वायर लावायची सोय होती. लॅबमधला एक छोटा कंप्युटर, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा, तो सुट्टीपुरता घरी आणला. महिनाभर खपून प्रोग्रॅम लिहिला. सकाळी सव्वासहाला सेट चालू, अण्णांची फ्रिक्वेन्सी लावायची, सिग्नल आला की पडद्यावर वेळ आणि "ओके", सातला सेट बंद. मी आपला खुशाल झोपायचो. उठल्यावर ओके बघितलं की दिवस मोकळा. अण्णांना म्हणालो, "सकाळी घाईत असतो, उत्तर देत नाही, पण ऐकतो." तोंडावर खोटं बोललो, आजही लाज वाटते.

त्या दिवशीही पडद्यावर होतं : सहा बत्तीस, ओके. मी बाजारात गेलो, मित्राकडं बसलो, साडेबाराला घरी आलो. कुलूप काढतानाच आत कट्ट-कडकट्ट चाललेलं. सातला बंद होणारा सेट चालू. फ्रिक्वेन्सी तीच. सिग्नल अगदी बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, पण हात अण्णांचाच. माझं कॉल साईन, म्हणजे लायसनवरचं माझं रेडिओतलं नाव, आणि पुढं इंग्रजीत एकच शब्द : "कम", ये. परत कॉल साईन, परत "कम".

मी मोर्सचा खटका दाबून उत्तर दिलं. तिकडं दखल नाही. आम्ही उत्तराला थांबतोच, तो रिवाजच आहे. अण्णा थांबत नव्हते. निपाणीला ट्रंककॉल लागायला संध्याकाळ झाली असती. फटफटी काढली.

दोन वाजता पोचलो. शेजाऱ्यानं आणि मी मिळून कडी उचकटली. अण्णा न्हाणीच्या उंबऱ्यात आडवे, खुबा मोडलेला, ओठ सुकलेले. हातात स्टीलचा तांब्या.

"आलास व्हय रं," एवढंच म्हणाले.

पाणी पाजलं, गाडी बोलावली. ती येईपर्यंत मी त्यांच्या रेडिओच्या टेबलाकडं बघितलं. वळवाचे दिवस, विजांच्या भीतीनं आम्ही लोक रात्री अँटेनाची वायर काढून ठेवतो, मेनचा प्लगही. दोन्ही काढलेलेच होते. सेटवर कापड झाकलेलं.

"अण्णा, सेट लावला होता का?"

"कसा लावू? पहाटं पाचला पडलोय. हाका मारून घसा बसला. मग तांब्यानं फरशीवर तुझं कॉल साईन वाजवत बसलो. म्हटलं, याडपणा तर याडपणा."

"आणि पुढं?"

"पुढं काय... कम."

मी सेटवरचं कापड उचलून प्लग पुन्हा बघितला.

घरी येऊन सगळं उलटंपालटं केलं. सेट चालू-बंद करणारा रिले ठीक, प्रोग्रॅममध्ये सातला बंद करायची ओळ जागच्या जागी. भागातल्या दोघा हॅमना विचारलं, त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. साडेसहाला अण्णा तर पडलेले, तेव्हा तिथं दुसरंच कुठलं तरी स्टेशन असेल आणि मशीननं त्यालाच ओके दिलं, असं मी धरून चाललो. कित्येक दिवसांनी दाढी करताना सुचलं : साडेसहालाही अण्णा फरशीवर वाजवतच होते की. मग मशीननं नक्की काय ऐकलं होतं? तेव्हा वस्तरा खाली ठेवावा लागला.

आक्काला मी सगळं कबूल केलं, झोपण्यासकट. ती म्हणाली, "तुमी ऐकत न्हवता, तरी त्यांनी तुमालाच बोलावलं."

अण्णा पुढं चार वर्षं जगले. त्या चार वर्षांत सकाळी साडेसहाला हेडफोन लावून मी स्वतः बसलो, एक दिवस चुकवला नाही.