वाटणीचं रडणं

बाई वर्गात शिरायच्या आधी त्यांच्या गोष्टीचा वास शिरायचा. कधी लाल मिरचीचा, कधी तळणीच्या तेलाचा, एकदा तर चक्क डिझेलचा. मागून बाई यायच्या, बुटक्या, दणकट, गालात लवंग धरलेली आणि खांद्यावर बारदान्याची शिवलेली भलीमोठी थैली. यवतमाळातल्या त्या शाळेच्या पाटीवर 'मतिमंद विद्यालय' असं लिहिलं होतं. लहान मुलं होतीच, पण तिशी गाठलेली माणसंही तिथं येत, कारण त्यांना दुसरीकडे कुठं जागा नव्हती. बऱ्याच जणांना बोलता येत नसे. ते थैलीकडे बोट दाखवून बाईंना बोलवत, म्हणून त्या थैलीवाल्या बाई झाल्या. त्या पाटीवर मात्र त्यांचा राग होता. "मंद कोण ते गोष्ट सांगून झाल्यावर ठरवू," असं म्हणत.

माझा मोठा भाऊ गजानन त्या शाळेत होता. घरात सगळे त्याला गजू म्हणत, मी दादा म्हणायची. बाभुळगावहून त्याला एसटीनं न्यायचं, दिवसभर थांबायचं आणि संध्याकाळी परत आणायचं, हे काम बारावीत नापास झाल्यावर माझ्या गळ्यात पडलं होतं. पहिल्याच आठवड्यात व्हरांड्यात बसलेल्या मला बाईंनी दंडाला धरून आत नेलं. "इथं बसून कायले माशा मारून राह्यली? थैली धर." ती थैली मी अजून धरून आहे.

बाईंची गोष्ट म्हणजे मोजकी वाक्यं आणि प्रत्येक वाक्याला एक वस्तू. बाजाराची गोष्ट असली की 'बैल निघाले' म्हणताना घुंगरमाळ प्रत्येकाच्या कानाशी वाजायची. 'मिरची आली' म्हटलं की चिमूटभर तिखट नाकासमोरून फिरे आणि अख्खा वर्ग शिंकायचा. मग तराजूचं गार वजन तळहातावर, मग पेरूची फोड जिभेवर, आणि शेवटी 'येस्टी आली' म्हणून डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं. त्या वासाला सगळे एकदम गाडीसारखा भोंगा काढायचे. वस्तू त्याच, क्रम तोच, शब्दही तेच, यात बाई कोणाचं ऐकत नसत. पेरूचा हंगाम संपला तेव्हा मी विचारलं, संत्रं चालेल का? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उन्हातान्हात पुन्हा बाजार पालथा घातला. "ते पेरूची वाट पाहून राह्यले. तुले वाटते त्याईच्या ध्यानात नाही."

वस्तू हातात दिल्यावर बाई थांबायच्या. हे थांबणं बघवत नसे. मुन्नी नावाची एक मुलगी होती, तिच्या मुठी कायम आवळलेल्या. कापसाच्या गोष्टीत बाई बोंड घेऊन तिच्यासमोर बसायच्या आणि नुसत्या बसून राहायच्या. बाहेर कोणी घंटा देवो की हाका मारो, बाई हलत नसत. असे कितीतरी महिने गेले. एक दिवस तिची मूठ जराशी उघडली, बोंडाची सुकलेली टोकं तिला टोचली, तिनं हात मागे घेतला आणि मग पुन्हा पुढे करून आतला कापूस चिमटीत धरला. बाईंनी फक्त पुढचं वाक्य म्हटलं. घरी जाताना मात्र रस्ताभर मला ऐकवत होत्या, "पाह्यलं का. पाह्यलं का."

ते कापसाचे वाईट दिवस होते. आमच्या जिल्ह्यात रोज कुठल्या ना कुठल्या गाड्या येत, कॅमेरे येत. एकदा एक छायाचित्रकार शाळेत शिरला आणि मुन्नीच्या हातात बोंड देऊन फोटो काढू लागला. बाईंनी बोंड काढून घेतलं आणि त्याला दार दाखवलं. तो म्हणाला, अहो मॅडम, हिला काय समजतंय? झालं. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत बाईंचा आवाज चौकात ऐकू जात होता.

कारण 'समजत नाही' हा शब्द त्यांच्या वर्गात बंद होता. मी पण एकदा म्हणाले होते, दादाला समजत नाही. "समजत नाही असं नको म्हणू. मले सांगता येत नाही असं म्हण." मग जरा वेळानं, थैलीतल्या वस्तू पुसता पुसता, त्या म्हणाल्या, "याले काय समजते, हे माझ्या आज्यानं जन्मभर ऐकलं. गावच्या पाटलाकडून, मास्तरकडून, देवळाच्या दारात. मंग आमचे लोक नागपूरले गेले अन् दीक्षा घेऊन आले. ज्याले काही समजत नव्हतं त्या म्हाताऱ्यानं घरी येऊन सगळे देव गाठोड्यात बांधले अन् नदीत सोडले. मी या शब्दाले चांगली ओळखते." हे सांगताना त्यांचा आवाज चढला नव्हता. म्हणून ते माझ्या जास्त लक्षात राहिलं.

संस्थेच्या सचिवांना हे सगळं पसंत नव्हतं. वर्गात तेलाचे डाग, मिरचीची पूड, भिंतीला डिझेलचा वास. "बाई, ही शाळा आहे की किराणा दुकान?" असं ते पाहुण्यांसमोर म्हणाले. बाई म्हणाल्या, "दुकानात गिऱ्हाईक पाहून माल देतात, सर. शाळेत कुठं देतात?" पाहुणे हसले, सचिव हसले नाहीत.

त्याच काळात माझी माय गेली. कपाळाला घट्ट फडकं बांधून दोन दिवस कण्हत होती. बाबा कामाला होते ते कापसाचं जिनिंग बंद पडलेलं, ते तेव्हापासून कशातच नव्हते, म्हणून मोठ्या काकांनी गाडी करून तिला नागपूरला नेलं. परत आणली ती झाकूनच. दादाला शेजाऱ्यांनी शेतात नेऊन ठेवलं आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. संध्याकाळी दादा घरी आला, घरभर हिंडला आणि म्हणाला, "माय?" काका म्हणाले, "राजूरले गेली, मामाकडं." माय दरवर्षी राजूरला जायची आणि संध्याकाळच्या यवतमाळच्या गाडीनं परत यायची. दादा चपला घालून स्टँडवर गेला.

मग रोजच जाऊ लागला. गाडी आली की दारात उभा राहून एकेक माणूस उतरताना पाहायचा आणि रिकामी झाली की कंडक्टरला विचारायचा, "माय?" कंडक्टर भला माणूस, तो म्हणायचा, उद्या येईल. पानठेलेवाला म्हणायचा, उद्या येईल. अख्खं बाभुळगाव त्या खोट्यात मायेनं सामील झालं होतं. पेपरात रोज शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्या येत होत्या, चौकात मोठ्यानं वाचल्या जात होत्या, आणि आमच्या घरात तो एक शब्द कोणी उच्चारत नव्हतं, शाळेत मीही नाही. मग एका संध्याकाळी मायसारखं हिरवं लुगडं नेसलेली एक परकी बाई गाडीतून उतरली. दादानं तिचा हात धरला आणि तिला घराकडे ओढू लागला. ती किंचाळली. लोक धावले, दोघाचौघांनी दादाला मारलं. दुसऱ्या दिवसापासून काकांनी त्याला मागच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. शाळा बंद. "असंच ठेवा लागते आता," काका म्हणाले. कडीच्या आतून तो दार वाजवायचा, गाडीच्या वेळेला जास्त.

चार दिवस दादा दिसला नाही म्हणून बाई स्वतः आल्या. संध्याकाळच्या त्याच गाडीनं, थैली घेऊन. त्यांनी आधी कडी काढली, मग काय झालं ते विचारलं. काका म्हणाले, "बाहेरच्यानं यात पडू नये. सांगायचंच झालं तर देवाघरी गेली म्हणून सांगा." बाई म्हणाल्या, "देवाघरी म्हटलं तर तो विचारीन, तिकडची येस्टी किती वाजता लागते. कोण सांगन? तुम्ही?" मग माझ्याकडे वळून वस्तू मागू लागल्या. मायची तेलाची बाटली, मायच्या काचेच्या बांगड्या, कापूस वेचताना ती कमरेला बांधायची ते फडकं. चुलीवरचा तवा द्यायला काकूनं जरा वेळ लावला. का लावला ते बाईंना कळलं, मलाही कळलं. बाईंनी हात पुढे केला तो तसाच धरून ठेवला. शेवटी काकूनं तवा दिला.

बाई दादासमोर खाली बसल्या. "माय," म्हणून तेल त्याच्या तळहातावर. त्यानं वास घेतला आणि हसला. बांगड्या कानाशी. फडकं गालाशी, त्याला अजून सुकल्या पाल्याचा चुरा चिकटलेला होता. मग बाईंनी तवा तापवला, त्यावर ज्वारीच्या पिठाची चिमूट टाकली, पीठ करपल्याचा वास घरभर झाला. "माय भाकर करे." मग दादाच्या कपाळाला फडकं बांधलं, घट्ट. "मायचं डोकं दुखलं." तेव्हा त्याचं हसू गेलं. मग बाईंनी तव्यावर पाण्याचा तांब्या ओतला, तो चर्र वाजला आणि गप्प झाला. तवा गार होईपर्यंत बाई थांबल्या. काका उभे, काकू उभी, बाबा भिंतीला टेकलेले. मग त्यांनी दादाचा तळहात तव्यावर ठेवला. "तवा थंड. माय मेली. माय येत नाही. येस्टीनं येत नाही."

दादानं हात काढला, पुन्हा ठेवला. मग तवा उचलून चुलीवर नेऊन मांडला आणि माय बसायची त्या पाटाकडे पाहत बसला. आणि मग त्याच्यातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारीपाजारी दारात आले. काका बाईंवर धावून आल्यासारखे आले. "रडवलं न त्याले? मिळालं समाधान?" बाई उठल्यासुद्धा नाहीत. "तुम्ही सगळे रडून मोकळे झाले. त्याच्या वाटणीचं रडणं काहून दाबून ठेवलं? काय गुन्हा केला त्यानं?" पहिल्यांदा बाबा भिंत सोडून पुढे आले आणि दादाजवळ बसले.

बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तिसऱ्या दिवशीही. तीच बाटली, त्याच बांगड्या, तेच शब्द. एकदा सांगून काही होत नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. मग एका संध्याकाळी दादा स्टँडवर गेला, मी मागोमाग. गाडी रिकामी झाल्यावर त्यानं काही विचारलं नाही. कंडक्टरला म्हणाला, "माय मेली." कंडक्टर खाली उतरला आणि गाडीची वेळ होईपर्यंत त्याच्या शेजारी बाकावर बसून राहिला. त्यानंतर कित्येक दिवस दादा भेटेल त्याला हे सांगायचा, लग्नाच्या पंगतीत वाढप्यालाही. काका कपाळाला हात लावायचे. पण कडी पुन्हा कधी लागली नाही. ती बाबांनी स्वतः पान्ह्यानं उखडून काढली.

पुढं बरीच वर्षं मी बाईंची मदतनीस म्हणून त्याच शाळेत राहिले. बाईंना दुखणं लागलं तेव्हा ते त्यांनी लपवलं नाही. नागपूरला जायच्या आधी मला एक लहानशी थैली दिली, बारदान्याचीच. आत लवंगांची डबी, त्यांच्या चष्म्याचं खटकन मिटणारं घर आणि त्यांची खादीची ओढणी. "माझी गोष्ट तू सांगशीन. लाजायचं नाही. शेवटची वस्तू तुमच्या घरून आण. पण गजूले विचारून, तवा त्याचा आहे." मी रडवेली झाले तर दरडावलं, "आता नाही. तव्याचं सांगताना रडजो."

बाई गेल्याचा निरोप आला त्या सकाळी सचिवांनी आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. "मुलांना काही सांगू नका. बाई गावाला गेल्या म्हणा. त्यांना काय समजतं, उगीच गोंधळ होईल." मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, हा शब्द या शाळेत बंद आहे." आणि वर्गात गेले. काढून टाकायचं तर टाका, असं मनात पक्कं होतं.

सगळे गोल बसले होते. दादाला मी घरून निघतानाच विचारलं होतं, तो तवा मांडीवर घेऊन बसला होता. मी डबी उघडली, लवंगेचा वास फिरला आणि सगळे दाराकडे पाहू लागले. चष्म्याचं घर कानाशी मिटलं. ओढणी हातोहात गेली, मुन्नी आता मोठी झाली होती, तिनं ती सोडायला वेळ लावला आणि मी थांबले. इथवर सगळं नीट केलं. मग तव्यापाशी आले आणि अडले. सचिव दारात येऊन उभे होते. "बाई आता," एवढंच माझ्या तोंडून पुन्हा पुन्हा निघालं.

दादानं माझा हात धरला आणि तव्यावर दाबला. "तवा थंड," तो म्हणाला. "बाई मेली. बाई येत नाही. येस्टीनं येत नाही." एक शब्द इकडचा तिकडे नाही. दारातून सचिव काहीतरी बोलायला लागले, पण दादानं तिकडे पाहिलंच नाही. माझा हात तसाच तव्यावर धरून, बाई थांबायच्या तसा, तो माझ्याकडे बघत थांबला. माझ्या वाटणीचं मला मिळेपर्यंत थांबला.