परळला सारस आले!

शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही आया दहा मिनिटं आधीच येऊन उभ्या असतो. मूल हाती लागायच्या आत एखादा किस्सा तरी हाती लागतोच! यंदा तिसरीला वर्षभरासाठी ‘आपल्या परिसरातले पक्षी’ हा प्रोजेक्ट आला आणि किस्से मावेनात. मी मात्र हसता हसता धास्तावलेली. शेवटी प्रत्येकाने वर्गापुढे दोन मिनिटं बोलायचं होतं, आणि माझी इरा वर्गात बोलतच नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर!

*

पहिलं काम, घराच्या खिडकीतून दिसलेल्या पक्ष्याचं चित्र. आता घरी करायचा प्रोजेक्ट म्हणजे आईचा प्रोजेक्ट. ग्रुपवर कुणीतरी एक छानसा फोटो टाकला, तोच बऱ्याच जणींनी बघून काढला.

सोमवारी बाईंनी वह्या उघडल्या. अर्ध्या वर्गाच्या खिडकीत सारस!

“परळला एवढे सारस उतरले,” बाई म्हणाल्या, “आणि मला कुणी एक मेसेज नाही केला?”

सगळ्यात सुबक सारस इराच्या वहीत होता. पिसांना शेडिंगसुद्धा केलं होतं मी.

*

मग बाईंनी फर्मान काढलं, डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. लालबागच्या सोहमने कावळा घेतला. पितृपक्ष चालू होता. त्याने लिहिलं, ‘कावळ्याचा आहार : वडे, खीर, काळ्या वाटाण्याची उसळ. पानात आजोबांची आवडती भजी नसतील तर तो जेवत नाही.’

बाईंनी त्याच्या आईला बोलावलं. ती वही वाचून म्हणाली, “अहो, मग खोटं काय आहे ह्यात?”

*

त्याच्याच चाळीतल्या तन्वीने घार निवडली. तिच्या आजीने गच्चीवर बोंबील वाळत घातले होते.

‘सकाळी दहा वाजता घारीने दोन बोंबील नेले. आजीने तिला शिव्या दिल्या. त्या पुढीलप्रमाणे.’

पुढे पाऊण पान, अस्सल मालवणीत!

बाईंचा लाल शेरा : ‘निरीक्षण उत्तम. आजींना भेटायला आवडेल.’

*

थंडीत शिवडीला फ्लेमिंगो बघायला सहल गेली. मदतीला मीही होते. इराच्या सॅकमध्ये टोपी, सनस्क्रीन, ओआरएस, दुर्बीण आणि मोज्यांचे दोन जोड.

सॅक उचलून बघत बाई म्हणाल्या, “इराची आई, संध्याकाळी परत यायचंय आपल्याला.”

समोर खाडीभर गुलाबी रंग, पोरांचा हा गलका! आणि इरा त्याकडे पाठ करून चिखलात माशावर टपून उभा असलेला एकच एक बगळा बघत बसलेली. तासभर!

“अगं, फ्लेमिंगो तिकडे आहेत!” मी तीनदा सांगितलं. ढिम्म.

*

बोलायचा दिवस आला. बगळ्यावर बारा वाक्यं मी लिहिली होती, आठवडाभर घोकून घेतली होती. आम्ही पालक मागच्या बाकांवर.

इरा पुढे आली आणि गप्प. मान खांद्यांत ओढलेली, एक पाऊल किंचित पुढे, नजर फरशीवर. अर्धं मिनिट गेलं. एक मिनिट गेलं. शेवटी राहवेना. मी मागून कुजबुजले, “बगळा हा पाणथळ जागी...”

इराने मान हलवली नाही. नुसते डोळे वर केले आणि शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली,

“आई, गप्प बस ना! मासा पळेल!”