सगळ्यांच्या मागे

ठाण्याच्या कोपरीतले गुरुदत्त प्रधान साठी उलटली तरी दर रविवारी भावेशच्या ग्रुपबरोबर सायकल घेऊन डोंगरात जायचे. बायको सुमती मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली, ती नातीत रमून तिथेच राहिली होती. आठवडाभर घरात बोलायला कोणी नाही, म्हणून रविवारची वाट बघायची. ग्रुपमधली पोरं तिशीच्या आतली. काकांना त्यांनी एक काम दिलेलं: सगळ्यांच्या मागे राहायचं. कोणी पडलं, कोणाची सायकल पंक्चर झाली, की थांबून मदत करायची.

ऑगस्टमध्ये ते सायकली गाड्यांवर लादून आंबिवलीपलीकडच्या टेकड्यांत गेले. रात्रभर पाऊस झालेला. पायवाटेवर लाल चिखल, मधूनच शेवाळलेले कातळ. उतारावर काकांचं पुढचं चाक ओल्या मुळावरून सटकलं आणि ते करवंदीच्या जाळीत जाऊन पडले. गुडघा सोलला, चेन तुटली. मोबाइलला रेंज नव्हती.

खाली ओढ्याकडून पोरांचं हसणं ऐकू येत होतं. काकांनी हाक मारली, "भावेश, थांबा रे." मग पुन्हा, जरा मोठ्याने. हसणं दूर गेलं, नुसता पाऊस उरला. पुढच्या वळणावर डोकी मोजतील, कोणीतरी परत येईल, असं म्हणून ते दगडावर बसून राहिले. मागे राहिलेल्याला शोधायचं काम त्यांचंच होतं. आता ते करायला कोणी नव्हतं.

सायकल ढकलत ते गावात उतरले तेव्हा दुपार कलली होती. गाड्या लावल्या होत्या तिथे फक्त टायरच्या खुणा. रेंज आली, तरी त्यांनी कोणाला फोन केला नाही. मला शोधायला या, असं आपणच सांगायचं, हे जिवावर आलं.

भाजी घेऊन ठाण्याला निघालेल्या दामाजी नावाच्या टेम्पोवाल्याने त्यांना बसवून घेतलं.

"एकटेच फिरता काय, काका?"

"नाही, ग्रुप आहे आमचा," गुरुदत्त म्हणाले.

घरी पोचतात तोच सुमतीचा फोन आला. पाठीमागे नात रडत होती.

"कशी झाली राइड?"

"मस्त."

"जेवलात?"

"हो." त्यांनी अजून गुडघाही धुतला नव्हता.

संध्याकाळी भावेशने फोन केला. "काका, सॉरी. मला वाटलेलं तुम्ही अनिशच्या गाडीत आहात, त्याला वाटलं माझ्या. मनालीने आत्ता विचारलं तेव्हा कळलं. आम्ही येऊ का?"

"नको रे, पोचलो मी." ते फोन ठेवणार होते, पण ठेववेना. "मी हाका मारत होतो, भावेश."

"ऐकूच आल्या नाहीत, काका. पाऊस होता ना."

"होता खरा."

पुढच्या रविवारी भावेशने त्यांना मधे घेतलं आणि मागे अनिशला ठेवलं. सगळे त्यांना जपत होते, पाणी हवं का विचारत होते. पुढची पोरं नोकऱ्यांबद्दल बोलत होती, मागची कुठल्याशा सिरीजबद्दल. काका मधोमध सायकल चालवत राहिले. मागे असताना निदान कोणासाठी तरी थांबता यायचं, कोणाची तरी चेन बसवून देता यायची. इथे आजूबाजूला माणसंच माणसं, आणि त्यांचं कोणाला काही काम नाही.

चढ संपल्यावर ते वाटेतून बाजूला झाले. "अनिश, तू हो पुढे. मी मागेच बरा."

"पण काका, परत तसं झालं तर?"

"मोजत जा म्हणजे झालं."

अनिश क्षणभर घुटमळला, मग त्याने पेडल मारलं. काकांनी त्याला पुढचं वळण घेऊ दिलं आणि सावकाश निघाले.