कोरलेल्या नावांची पातेली

ती घटना मला रोज आठवते, आणि तीही पाणी पिताना. त्याचं कारण शेवटी सांगेन. पुरावा वेळेआधी पुढे करायचा नाही, ही नोकरीतली सवय अजून सुटलेली नाही.

तेव्हा मी परळ भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी ठाणे अंमलदारासमोर दोन गृहस्थ येऊन बसले. एक जवळच्या मराठी चर्चचे पाळक, दुसरे तिथले सेक्रेटरी. दोन दिवसांनी त्यांची मंडळी एका भूकंपग्रस्त गावी सेवेला निघणार होती. आठ दिवस तिथे राहायचं, घरं उभारायला हात लावायचा, सोबत नेलेली मदत वाटायची, असा बेत होता. सगळं सामान चर्चच्या हॉलमध्ये रचून ठेवलेलं, आणि त्यातल्या कपड्यांच्या अकरा गोण्या नाहीशा झालेल्या.

तक्रार अर्जाची स्टेशन डायरीत नोंद करून मी स्वतः हॉल बघायला गेलो. कुलूप शाबूत, खिडक्यांचे गज जागच्या जागी. कोरी ब्लँकेटं, औषधं, ताडपत्र्या, कशालाही हात लागलेला नव्हता. नवीन माल सोडून जुने कपडे पळवणारा चोर मी उभ्या नोकरीत पहिल्यांदाच पाहत होतो. तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण माझा स्वभाव तापट, आणि हॉलची किल्ली कोणाकडे असते ते लगेच कळलं होतं.

किल्ली झाडलोट करणाऱ्या मावशींकडे असे. पन्नाशी ओलांडलेल्या, लालबागच्या चाळीत एकट्या राहणाऱ्या बाई. मूळच्या घाटावरच्या. मंडळीतल्या वीसेक माणसांसमोर मी आवाज चढवला.

"मावशी, किल्ली तुमच्याकडे. मग गोण्या काय उडून गेल्या?"

"किल्ली माझ्याकडंच हाय सायेब. पर माझ्यासाठी म्या त्यातली चिंधीबी घेतली न्हाई."

या उत्तरातच सगळा कबुलीजबाब होता. मी रागात होतो, माझ्या तो लक्षातच आला नाही. सेक्रेटरी तर भडकलेच. "वीस वर्षं विश्वास टाकला, त्याचं हे फळ! उद्यापासून येऊ नका." मावशींनी कनवटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि कोणाकडे न बघता निघून गेल्या. नोकरी गेली ती गेलीच, पण चार माणसांत चोर ठरल्या.

खबर मिळाली ती खबऱ्याकडून नव्हे, आमच्या हवालदाराच्या घरातून. त्याची बायको दारात आलेल्या बोहारणीशी जुन्या साड्यांवर एक कढई मागत घासाघीस करत होती. बोहारणीच्या गाठोड्याखालच्या गोणीवर 'भूकंपग्रस्तांसाठी' असं ठळक अक्षरात लिहिलेलं तिला दिसलं. बाईने आधी कढई पदरात पाडून घेतली आणि मग नवऱ्याला फोन केला.

बोहारीण साधी होती. म्हणाली, "चर्चवाल्या मावशीनं दिले कपडे. भांडी घेतली त्याच्यावर. पण किती छळलं साहेब! एकसारखी पातेली पाहिजेत, झाकणासकट."

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या राहत्या घरी जायचं, असा नियम आहे. महिला शिपाई आणि पाळकांना घेऊन मी लालबागला गेलो. त्या नियमाचे मी आजही आभार मानतो. ठाण्यात बसून मला जे कधी दिसलं नसतं, ते तिथे कॉटखाली दिसलं. धुतलेल्या लुगड्याखाली झाकलेली, एकात एक घातलेली स्टीलची पातेली.

"उद्या सकाळी हॉलात न्हेऊन ठेवनार व्हते," मावशी म्हणाल्या.

"आधी सांगायचं नाही का?"

"दोनदा सांगितलं सेक्रेटरी सायबास्नी. त्या गोन्यांत फाटकी पँट, लग्नातला झगा, एका पायाचा बूट. ते म्हनले, दान हाय, आपन कोन नको म्हननार." मग त्या खाली बसल्या. "सायेब, सात वर्सांची असताना आमचं गाव असंच पडलं. ममईहून कपडं आलं. माझ्या आयच्या वाट्याला एका बाहीचा कोट आला. ती तो मांडीवर घिऊन बसली. भात शिजवाया भांडं न्हवतं. चार दिसांनी ढिगाऱ्यातनं आमची कळशी निघाली. वर आयचं नाव कोरल्यालं. तवर आय रडली न्हवती. तवा रडली. म्हनली, घर पडलं, पर माझं नाव ऱ्हायलं."

पाळकांनी एक पातेलं उचललं, वळवून बघितलं. मग दुसरं, मग तिसरं. प्रत्येकावर एकेका बाईचं नाव कोरलेलं. चर्चच्या फळ्यावर त्या गावातल्या कुटुंबांची यादी लावलेली होती, नावानिशी प्रार्थना करता यावी म्हणून. चौथीपर्यंत शिकलेल्या मावशींनी झाडता झाडता ती उतरवून घेतली होती. चाळीखालच्या भांड्यांच्या दुकानातल्या कारागिराने यादी कशाची ते ऐकून हातातलं काम बाजूला ठेवलं होतं.

"महिनाभर आम्ही ही नावं रोज घेतोय," पाळक हळूच म्हणाले. "या बाया जेवण कशात रांधतात, हे आमच्या मनातही आलं नाही."

तक्रार अर्ज मागे घेतला गेला. डायरीत मी 'गैरसमजुतीतून तक्रार, चोरी नाही' अशी नोंद केली. निघायच्या सकाळी सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर मावशींच्या हातात किल्ली परत दिली आणि गाडीत पहिल्या सीटवर त्यांना बसवलं. मीही म्हणालो, "मावशी, चार माणसांत ओरडलो, चार माणसांतच माफी मागतो."

"ऱ्हाऊ द्या सायेब. वरडायचं तर तुमचं कामच हाय."

परतल्यावर पाळकांनी सांगितलं, वाटपाला रेटारेटी झाली नाही. नाव पुकारलं की बाई पुढे येई. एका म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने मावशींना आपलं बोट धरून अक्षरांवरून फिरवायला लावलं, दोनदा.

पुढे एकदा मावशी ठाण्यात आल्या आणि स्टीलचा एक पेला टेबलावर ठेवला. भेटवस्तू घेता येत नाही, म्हणालो. "तुमच्यासाठी कुठं हाय? वाचा की," त्या म्हणाल्या. पेल्यावर माझ्या पत्नीचं नाव होतं, हवालदाराच्या बायकोकडून विचारून घेतलेलं.

नोकरीत मी 'कोणी नेलं' एवढंच विचारत आलो होतो. 'कशासाठी नेलं' हे आधी विचारावं, हे मला या बाईने शिकवलं, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे. पण खरं ऋण वेगळंच आहे. माझी पत्नी जाऊन आता चार वर्षं झाली. घर शांत असतं. सकाळी मी तो पेला भरतो, नावावरून अंगठा फिरवतो आणि मग पाणी पितो.