माझ्या शिवणाच्या डब्याचं झाकण

माझी थोरली बहीण फेमा चिडली की बोलत नाही, घासायला लागते. तिचा नवरा गेला त्या आठवड्यात तिने घरातल्या सगळ्या खिडक्यांच्या जाळ्या काढून घासल्या होत्या. पॅकिंग शेडच्या मुकादमाने एकदा तिला म्हातारी म्हटलं, तर जेवणाच्या सुट्टीत तिने बायकांच्या संडासाची फरशी पांढरी करून टाकली आणि त्याला दारात उभं करून दाखवली. मी तशी नाही. मी चिडले की बोलते, आणि हे सांगतानाही मी चिडलेलीच आहे.

तिचं पूर्ण नाव एउफेमिया. आमच्या लिंडसे गावात संत्री निवडायच्या पट्ट्यावर तिने एकतीस वर्षं उभ्याने काढली. बोलता बोलता, न बघता, ती नासकं संत्रं उचलून बाजूला टाकते. गाडी मात्र ती नवरा गेल्यावर शिकली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, कारण शेडपर्यंत बस जात नाही आणि दारात त्याची अठ्ठ्याण्णव सालची व्हॅन उभी होती. पहिल्या महिन्यात तिने शेजाऱ्याची टपालपेटी दोनदा पाडली. नंतर आम्ही चौघीजणी तिच्या व्हॅनमधून कामावर जायला लागलो आणि गेली अकरा वर्षं जातोय. व्हॅन बंद तर तिच्यासकट पाच बायका घरी, इतकं ते सरळ आहे.

आमच्याकडे दर दोन वर्षांनी गाडीच्या धुराची तपासणी होते. त्यात पास नाही तर नंबरप्लेटवर नवं स्टिकर नाही, आणि स्टिकर नसलं की पहाटे हायवेवर पहिलाच पोलीस बाजूला घेतो. त्या वर्षी व्हॅन नापास झाली. नुसती नापास नाही, विषारी वायू मर्यादेच्या तिप्पट. तपासणाऱ्या माणसाने कागद देताना सांगितलं, "बाई, थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा एक व्हॉल्व्ह असतो, ईजीआर. तो तुंबलाय बहुतेक. काजळी काढून बघा." मुदतीला नऊ दिवस होते.

आता माझ्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं. इलारियो गाड्या दुरुस्त करतो. दोन वर्षांपूर्वी हाच व्हॉल्व्ह त्याने साफ केला होता. म्हणजे केला असं तो म्हणाला होता. गाडी तेव्हा पासही झाली, त्याच्या एका दोस्ताच्या तपासणी केंद्रावर. पुढे ते केंद्र सरकारने बंद केलं. का बंद केलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

फेमा कागद घेऊन आमच्याकडे आली तेव्हा तो टीव्हीवर बॉक्सिंग बघत होता.

"तिप्पट?" तो म्हणाला. "त्यांचं मशीनच खराब असेल."

"तू एकदा उघडून बघ ना."

"उघडून काय बघायचं? मीच साफ केला होता ना, तीन तास बसून. फेमा, गाडी म्हातारी झाली. काढून टाक. माझ्या पुतण्याकडे एक व्हॅन आहे, बघ हवी तर."

"माझ्याकडे व्हॅन आहे," फेमा म्हणाली आणि कागदाची घडी घालून निघाली. तिच्या जबड्याकडे बघून मला कळलं, आता ही घासणार.

रविवारी चर्चमधून आल्या आल्या तिने व्हॅन अंगणात घेतली. सुट्या भागांच्या दुकानातल्या काउंटरवरच्या बाईने तिला सगळं कागदावर काढून दिलं होतं. काजळी विरघळवायचा फवारा, सांध्यात बसवायचं नवं गॅस्केट, चष्मा, मास्क. बाकीचं घरचं होतं, जुने टूथब्रश, हँगरची तार, आणि तिच्या नवऱ्याच्या गिटारची एक जाड तार. आतल्या बारीक वाटांत तीच वळते, असं त्या बाईने सांगितलं होतं. मी मदतीला होते. आमच्या व्हॅनमधली न्येवेस संत्र्याचा क्रेट पालथा घालून त्यावर बसली होती. तिने कशालाही हात लावला नाही, पण तोंड चालू होतं.

"फेमा, स्फोट झाला तर उद्या शेडला आम्ही कसं जायचं ते सांगून मर."

"चालत जा. वजन कमी होईल."

आधी तिने परीक्षा घेतली. इंजिन चालू ठेवलं, व्हॉल्व्हवरची रबराची नळी उपसली, तिथे दुसरी नळी लावून तोंडाने हवा ओढली. व्हॉल्व्ह उघडून धूर आत गेला की इंजिन अडखळून बंद पडलं पाहिजे, म्हणजे वाट मोकळी आहे. फेमाने गाल आत जाईपर्यंत ओढलं. इंजिनाला पत्ताच नाही, ते आपलं मजेत चाललेलं.

"तुंबलाय," ती म्हणाली.

इंजिन गार होईपर्यंत आम्ही कॉफी घेतली. मग दोन नट. एक सहज निघाला, दुसऱ्यावर फेमा पाय रोवून लोंबकळली तेव्हा हलला. व्हॉल्व्ह हातात आला आणि त्यामागे, गॅस्केटच्या जागी, पत्र्याचा एक काळा तुकडा चिकटलेला होता. भोकं होती ती फक्त नटांची. धूर जायचं भोक त्याने पुरतं झाकलेलं होतं.

"हे असंच असतं का?" मी विचारलं.

फेमाने कागद बघितला. कागदावर पत्रा नव्हता. तिने तो जुन्या तव्यात टाकला, फवारा मारला आणि घासायला लागली. मधला भाग जळून काळा झाला होता, पण कडेला, जिथे धग पोचली नव्हती, तिथे निळा रंग दिसायला लागला. मग पांढऱ्या रेघा. मग अर्धी पवनचक्की.

ती पवनचक्की मी लहानपणापासून ओळखते. आईचा बिस्किटांचा निळा डबा, ज्यात ती सुया-दोरे ठेवायची आणि आता मी ठेवते. त्याचं झाकण दोन वर्षांपूर्वी हरवलं. मी घर उलथंपालथं केलं होतं. सुनेने मुलांना खेळायला दिलं असणार म्हणून तिच्याशी महिनाभर नीट बोलले नव्हते, आणि ती बिचारी रडली होती. इलारियो तेव्हा माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून झाकण शोधत होता. टॉर्च धरून.

म्हणजे झाकण इलारियोनेच कापलं होतं, आणि राग माझ्या डोक्यात गेला. माझ्या पर्समध्ये दम्याचा पंप असतो. धूर साचून राहणाऱ्या या खोऱ्यातली हवा कशी आहे ते आम्हाला कुणी सांगायला नको. आणि हा माणूस रोज पहाटे दारात उभा राहून त्याच व्हॅनला हात करत होता, त्याने तोंड बांधलेल्या व्हॅनला, जिच्यात त्याची बायको बसलेली.

"ताई," मी म्हणाले, "हे झाकण माझं आहे."

फेमाचा ब्रश थांबला. न्येवेसने क्रेटवरून मान लांब करून तव्यात बघितलं.

मी घरी गेले, दोन गल्ल्या पलीकडे. डबा घेतला आणि टीव्ही बंद केला. "चल," म्हणाले. त्याने डब्याकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

अंगणात फेमाने तो पत्रा पुसून टेबलावर ठेवला होता. मी त्याच्याशेजारी उघडा डबा ठेवला. डब्याच्या अंगावर झाकणावरच्यासारख्याच पवनचक्क्या रांगेने आहेत. इलारियोने एकदा त्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"सगळेच करतात," तो म्हणाला. "इंजिनाला काही होत नाही त्याने. उलट जोर वाढतो."

"आणि तीन तास?" फेमाने विचारलं.

"काय तीन तास?"

"तीन तास बसून साफ केला म्हणालास."

"अगं, त्या दिवशी इतकं ऊन होतं..."

"आजही आहे." फेमाने क्रेटवरून न्येवेसला उठवलं, तो उन्हात सरकवला, आणि व्हॉल्व्ह, ब्रश आणि गिटारची तार त्याच्या हातात दिली. "तुझे तीन तास माझ्याकडे बाकी आहेत. बस."

मला वाटलं हा निघून जाईल. गेला असता तर मीही त्याला घरात घेतलं नसतं, आणि ते त्याला माझ्या तोंडावर दिसलं असावं. तो बसला. तार आत घालून काजळीचे खडे काढत राहिला. न्येवेस मधूनमधून वाकून बघायची. "डाव्या कोपऱ्यात राहिलंय हं, मास्तर." फेमा घड्याळ बघत होती. अडीच तासांनी तो म्हणाला झालं, तर ती म्हणाली अर्धा तास आहे अजून.

नवं गॅस्केट घालून व्हॉल्व्ह बसवला, इंजिन चालू केलं. फेमाने नळीचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याने ओढलं. इंजिन थरथरलं, अडखळलं आणि बंद पडलं. न्येवेसने टाळ्या वाजवल्या. बंद पडलेल्या गाडीसाठी कुणी टाळ्या वाजवलेल्या मी तरी बघितल्या नव्हत्या.

मंगळवारी व्हॅन पास झाली. बुधवारी सुनेकडे जाऊन मी माफी मागितली, तीही एकटीने नाही, इलारियोला पुढे उभं करून. पण रविवारचं शेवटचं सांगायचं राहिलं.

आत चुलीवर पोसोले होतं, मका आणि डुकराचं मांस, सकाळपासून शिजत ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी त्या खोट्या तीन तासांनंतरही फेमाने त्याच्यासाठी तेच केलं होतं, आणि वाढायला मी होते. माणूस दमलाय, असं सगळ्यांना सांगून दुसरी वाटी मीच भरली होती, त्यातही मांस निवडून. ते त्या दिवशी मला आठवत होतं, आणि त्याच्याइतकाच मला माझाही राग येत होता.

इलारियोने हात धुतले. हातांची काजळी काही गेली नाही. तो नेहमीच्या खुर्चीवर येऊन बसला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी फेमाला वाढलं, न्येवेसला वाढलं, माझी वाटी भरली. मग पातेल्यावर झाकण ठेवलं आणि जेवायला बसले.