शिट्टीवरचा खल

लातूर जिल्हा वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते आणि माझं लग्न होऊन तर त्याहून कमी. हे नव्या जिल्ह्याच्या एका कचेरीत कारकून होते. कचेरीत टेबलं होती तर खुर्च्या नव्हत्या, आणि आमच्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात भांडी होती तर पाणी नव्हतं. दुष्काळाचं साल होतं ते. तरी मला त्या सालातलं आठवतं ते हसूच. तेवढं मी नंतर कधी हसले नाही, आणि त्याला कारण माझ्या सासूबाई. त्यांना मी मामी म्हणत असे.

मामी जळकोटकडच्या एका खेड्यातल्या. तिथल्या विहिरीत नुसता चिखल उरला होता. थोरले भाऊजी आणि जाऊबाई लांबच्या सडकेच्या कामावर निघाले, घराला कुलूप लावलं आणि मामींना आमच्याकडं आणून सोडलं. मामींनी गाठोड्यात दोन लुगडी आणि आपला लोखंडी खलबत्ता आणला होता. लुगड्यांपेक्षा खलबत्ताच जड, पण यष्टीत त्याला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आल्या दिवसापासून त्यांनी एकच टुमणं लावलं, मला गावाकडं धाडा. का, म्हणून विचारलं की म्हणायच्या, "तुमच्या ह्या गावात दाळ शिजत न्हाई."

यात खोटं काही नव्हतं. सगळ्या मुलखाची तूर लातूरच्या गिरण्यांत येऊन तिची दाळ होते, आमच्या गल्लीत तर सकाळ-संध्याकाळ दाळीचा भुसा उडायचा. पण बोअरचं पाणी इतकं जड की ती दाळ शिजायला तयार होत नसे. मी नांदेडची, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली. आमच्याकडं दाळ दोन कढांत गळून जायची. इथं मी खायचा सोडा टाकून पाहिला, रात्रभर भिजवून पाहिली, स्टोव्हला पंप मारून मारून दंड दुखायला लागला. मामींचे दात निम्मे पडलेले. त्या घास तोंडात घोळवायच्या आणि ताटाच्या कडेला एकेक दाणा मांडून ठेवायच्या. मला फार लाज वाटायची.

त्या परत गेल्या असत्या तर कुलूप उघडून एकट्याच राहिल्या असत्या आणि दोन कोसांवरून घागर आणत बसल्या असत्या. हे मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाले, "काय करायचं ते कर, पण मायला थांबव." मी नांदेडला भावाला पत्र टाकलं. तो पुढच्याच आठवड्यात मांडीवर नवाकोरा कुकर घेऊन यष्टीतून उतरला.

कुकरबरोबर एक पुस्तिका होती. ह्यांनी ती परिपत्रक वाचावं तशी उभं राहून वाचून दाखवली. रबर असं बसवावं, झाकण असं फिरवावं. मामी भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. पुढं इशाऱ्यांचं पान आलं तेव्हा ह्यांची कचेरीची वेळ झाली आणि पुस्तिका फळीवर गेली.

पहिली शिट्टी झाली आणि मामी पार दारापर्यंत पोचल्या. मग तिथूनच त्यांनी बराच वेळ कुकरकडं पाहिलं. म्हणाल्या, "आन ही वाफ कशाची?"

"पाण्याची, मामी."

"म्हंजी पानी जाऊन राहिलंय की बाहिर."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. घरात पाणी म्हणजे काय होतं ते सांगते. भांडी आम्ही कोरड्या राखेनं घासून फडक्यानं पुसत होतो. भाजी धुतलेल्या पाण्यात हात धुवायचे, त्याच पाण्यानं मोरी. अशा घरात एक भांडं फुसफुस करत हवेत पाणी सोडतंय, हे मामींच्या डोळ्यांना कसं बघवावं? दोन दिवस त्या शिट्टीच्या वर ताट धरून उभ्या राहिल्या. ताटाला लागलेले थेंब वाटीत निथळून घ्यायच्या आणि "बघ, किती निघालं" म्हणून मला दाखवायच्या. वाटीचा तळही ओला झालेला नसायचा, पण मी मान डोलवायची.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. मी दाळीचा डबा कुकरमध्ये ठेवला, स्टोव्ह पेटवला, शिट्टी झाली की बंद करायला मामींना सांगितलं आणि घागर घेऊन पळाले. रांगेत वेळ लागला. परत आले तर स्टोव्ह भर्रर्र चाललेला, शिट्टीचा मात्र आवाज नाही. मामी समोर पाटावर बसलेल्या, चेहऱ्यावर मोठं समाधान.

"येक थेंब जाऊ दिला न्हाई," त्या म्हणाल्या.

कुकरवर त्यांचा लोखंडी खल पालथा घातलेला होता. शिट्टी त्याच्या आत गडप. शिट्टीला उचलायला जागाच नव्हती.

आत वाफ कोंडत चालली होती. आणि तेवढ्यातही मी काय करावं? घागर खाली आपटली नाही. नीट टेकवली, वर झाकण ठेवलं, झाकण वाकडं बसलं तर ते सरळ केलं. त्या सालानं आम्हाला असं करून ठेवलं होतं. मग मामींचा हात धरून मी त्यांना ओढतच बाहेर काढलं. उंबरा ओलांडतोय तोच आत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि नंतर नळ फुटावा तसा सूं. आमच्या नशिबानं झाकण जागचं हललं नाही. झाकणावरचा तो लहानसा व्हॉल्व्ह तेवढा उडाला आणि डब्यातली सगळी दाळ त्या भोकातून वर गेली. खल घरंगळत मोरीत जाऊन पडला.

मी डोक्यावर परात धरून आत गेले, स्टोव्हची हवा सोडली आणि तशीच बाहेर आले. मामी उंबऱ्यावर बसल्या होत्या. त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माजं गठुडं बांध. म्या तुझं घर जाळलं असतं आज. म्हातारी बाई अडचन हाय निस्ती. जाते मी."

त्यांचं दाळीचं कारण कधीचं मागं पडलं होतं. आपला काही उपयोग नाही, हे खरं कारण आज तोंडातून निघालं होतं. मला रडू येईल असं वाटलं.

तेवढ्यात वर छताला चिकटलेल्या दाळीतला एक गोळा सुटला आणि टपकन मामींच्या मनगटावर पडला. दुष्काळातली बाई ती, अन्न झटकून कसं टाकेल? सवयीनं त्यांनी ते तोंडात घातलं. जिभेवर घोळवलं. पुन्हा घोळवलं. एकही दाणा बाहेर काढला नाही.

"शिजली गं," मामी म्हणाल्या.

मी डोक्यावरची परात काढायची विसरले होते. ती धरूनच मी हसायला लागले, सासूपुढं असं हसू नये हे माहीत असून. मामींनी आधी डोळे वटारले, मग माझ्या डोक्यावरच्या परातीकडं पाहिलं, आणि त्यांचंही सुटलं. आम्ही पोट धरून हसलो, उचकी लागेस्तोवर हसलो. टँकरहून परतणाऱ्या बायका दारात थांबल्या, तर मामी त्यांना वर बोट दाखवत म्हणाल्या, "या, वरन वाढलंय."

गाठोडं बांधलं गेलं नाही. ह्यांनी नवा व्हॉल्व्ह आणला आणि राहिलेलं पान वाचलं. ह्या खेपेला मामी अगदी जवळ बसल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून कुकर त्यांच्या ताब्यात गेला. वापरायच्या आधी झाकण उजेडात धरून भोक आरपार दिसतंय का बघायचं, नाहीतर खराट्याची काडी फिरवायची. काठावर पळी आपटायची नाही, मी एकदा आपटली तर दिवसभर बोलणी खाल्ली. रबर सैल पडलं की ते गार पाण्यात ठेवावं म्हणतात. पाणी कुठलं? मामी ते माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायच्या. डब्याखालचं उरलेलं गरम पाणी ज्वारीच्या पिठात जायचं, भाकरी त्यावर छान व्हायची. हळूहळू गल्लीतल्या बायका आपापला दाळीचा डबा घेऊन यायला लागल्या. मामी डबे एकावर एक रचायच्या, शिट्ट्या मोजायच्या आणि कुणालाही झाकणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मला इतका आनंद होता की दारातून डबे घेऊन येणाऱ्या बायका बघूनसुद्धा हसू फुटायचं.

पुढच्या साली पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं आणि थोरले भाऊजी मामींना न्यायला आले. मी चहाला मुद्दाम वेळ लावला. चहा झाला तरी मामी उठेनात. भाऊजींनी दोनदा यष्टीची वेळ सांगितली.

मामी म्हणाल्या, "मी आले असते रं. पर ह्या पोरीला येकलीला कुकर लावायचं भ्या वाटतं."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं. सकाळीच मी एकटीनं कुकर लावला होता, मामी तेव्हा अंघोळीला बसल्या होत्या. मी पदर सावरला आणि मान खाली घालून म्हणाले, "हाव भाऊजी. लई भ्या वाटतं."